दुखवट्याच्या वर्षातली दिवाळी

घरात मृत्यू झालेल्या वर्षी दिवाळी करावी की नाही, या प्रश्नाच्या संदर्भात आमच्या घरचा अनुभव नोंदवतो. २०१९ च्या श्रावणात वडील गेले. सुतक दहा दिवसांत फिटले, तेराव्यानंतर पाहुणेही पांगले, परंतु रूढीप्रमाणे त्या वर्षी आमच्याकडे फराळाची कढई चढली नाही. वसुबारसेपासून मात्र शेजारच्या घरांतून आणि आईच्या शाळेपासूनच्या दोन मैत्रिणींकडून डबे येऊ लागले, कारण दुखवट्याच्या घरी फराळ बाहेरून पोहोचवण्याची रीत आजही बऱ्याच ठिकाणी पाळली जाते. आईने प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून तो कोणाचा हे लिहून ठेवले, आणि डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून प्रत्येकात मूठभर साखर घातली. लक्ष्मीपूजनाला तिने देवापुढे एकच पणती लावली. भाऊबीजेला मामा आला, तेव्हा यंदा ओवाळणे टाळावे असे कोणीतरी सुचवले (अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची वानवा नसते). तिने शांतपणे निरांजन लावले, त्याला ओवाळले, आणि वडिलांसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या चकल्या, "त्यांना आवडायच्या," एवढेच म्हणत त्याच्याच ताटात वाढल्या.