थॅलेसेमियाच्या पालकांचे ग्रुप एकत्र कसे आणायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी पोरगी ९ वर्षांची, थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा जन्मजात गंभीर आजार), दर ३ आठवड्याला रक्त चढवावं लागतं. परभणीत आम्हा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, नांदेड-लातूरला पण आहेत पण कुणाचा कुणाला पत्ता नाही. मागं सारखं रक्त चढवून अंगात वाढलेलं लोह कमी करायच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात संपल्या, रिकामी पट्टी दाखवत एकट्यानंच चकरा मारल्या, नंतर कळलं शेजारच्या जिल्ह्यात बी तेच चालू होतं, मिळून गेलो असतो तर ऐकलं असतं ना! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे तिन्ही आजार आहेत, मग तिन्ही आजारांच्या घरच्यांनी मिळूनच मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांचा संघ करावा असं मला मनापासून वाटतं. संस्थेला ७ सभासद लागतात, ते जमतील, पण आधी नोंदणी का आधी माणसं जोडायची? कुणी केलंय का असं काही?