आजीबाईंच्या शाळेला ‘फोटोपुरती’ म्हणणाऱ्यांना

शीला_कराड: काल इथं कुणीतरी लिहिलं, “सत्तरीनंतर अ-आ-इ गिरवणं फोटोपुरतं. ज्येष्ठांना मोबाईल शिकवा.” रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा काढली. गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, कामं आटोपून दुपारी दोन तास. माझ्या आईनं जन्मभर अंगठा दिला. शाईचं बोट ती पदराआड पुसायची. अडुसष्टाव्या वर्षी शेजारच्या निवृत्त बाईंकडे सही शिकली. बँकेत पहिली सही केली आणि शाई वाळेपर्यंत काउंटरवरून हलली नाही. हे फोटोपुरतं?

विनायक६९: लिहिणारा मीच. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एकांचे ओटीपी सांगून चाळीस हजार गेले. सही त्यांना उत्तम यायची. ब्रिटनमध्ये १९८२ पासून ‘युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज’ आहे. निवृत्त माणसं एकमेकांनाच शिकवतात. परीक्षा नाही, पदवी नाही. आपण मात्र पाटीवर अडलोय.

शीला_कराड: ओटीपी वाचायला आधी आकडे ओळखावे लागतात! १९८८ ला साक्षरता मिशन आलं ते १५ ते ३५ वयासाठी. आई तेव्हा चाळीशीची. तिची पाटी तेव्हाच हुकली.

मंदा_जुन्नर: मला त्या गुलाबी साडीबद्दल बोलायचंय. माझी मावशी विधवा. बावीस वर्षं फिकी लुगडी. भजनी मंडळात एकदा गर्द साडी नेसून गेली, तर जाऊ म्हणाली, “तुला शोभतं का?” मावशीनं मंडळच सोडलं.

दत्ता_ठाणे: साड्यांचं राहू द्या. आमच्या संघाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर पोचलं की वाढदिवस, सत्कार, श्रद्धांजली. शिकायचं कधी? गुडघ्यांचा विचार कोण करणार?

मंदा_जुन्नर: राहू द्या कसं? तुम्हाला जिना आडवा येतो, तिला साडी आली. गणवेश सगळ्यांना एकच असला की एकटीकडे बोट दाखवता येत नाही. बायकांचं निघालं की विषयांतर!

दत्ता_ठाणे: आवाज चढवू नका. सत्तरीच्या माणसाला जिना म्हणजे काय ते चढून बघा.

शीला_कराड: दत्ताभाऊ, आईच्या बाई तळमजल्यावर राहायच्या म्हणून ती गेली. जिना असता तर तीही गेली नसती. पण मंदाताईंचं तोडू नका.

विनायक६९: ‘फोटोपुरतं’ मागे घेतो. शाई वाळेपर्यंत थांबणारी बाई फोटोसाठी थांबत नाही, एवढं कळतं मला. मोबाईलचं मात्र मागे घेणार नाही. ते चाळीस हजार म्हणजे त्यांच्या औषधांचे पैसे होते.

मंदा_जुन्नर: आणि साडीचं?

विनायक६९: त्यावर मी काय बोलू? माझ्या आईनंही शेवटपर्यंत फिकीच नेसली. आम्ही तिघं मुलगे. एकानंही कधी विचारलं नाही.