आत्याची केटल आणि क्रूझची बॅग

आत्या: क्रूझच्या बॅगेत मी छोटी केटल टाकलीये. पहाटे साडेचारला उठले की मला गरम पाणी लागतं. प्रवासाची इस्त्रीही घेतलीये, सगळ्यांनी तीच वापरा, उगाच दोन-दोन ओझी नकोत.

दादा: आत्या, दोन्ही काढ. चालत नाहीत.

आत्या: विमानातून किती वेळा नेली, कुणी हू की चू केलं नाही.

दादा: विमानात ती बॅगेत पडून असते गं. इथे तू ती केबिनमध्ये लावणार, म्हणून अडवतात. केटल, कॉफी मेकर, राइस कुकर, टोस्टर, पाण्यात सोडायचा रॉड, इस्त्री, कपड्यांचा स्टीमर... तापणारं जवळजवळ सगळंच बाद. मेणबत्ती-उदबत्तीसुद्धा.

आत्या: आणि हेअर ड्रायर? तो काय गार असतो?

वहिनी: ड्रायर, स्ट्रेटनर बहुतेक कंपन्या चालवून घेतात. ड्रायर तर बहुधा केबिनमध्येच असतो.

आत्या: अजब न्याय आहे!

अण्णाकाका: अजब नाही. ड्रायर हातात धरून वापरतात, केस वाळले की बंद. केटल लावून माणूस आंघोळीला जातो. माझी निम्मी नोकरी जहाजांच्या वायरिंगमध्ये गेली, म्हणून सांगतो. भर समुद्रात बंब येत नाही. आग विझवायची ती जहाजावरच्याच लोकांनी. 2006 च्या मार्चमध्ये स्टार प्रिन्सेस नावाच्या क्रूझ जहाजावर अशीच पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. बाल्कनीत पडलेली पेटती सिगारेट, असा तपासाचा रोख होता. ओळीनं केबिन जळत गेल्या आणि एक प्रवासी धुरानं गेला. एका थोटकानं एवढं झालं, बाई.

आत्या: बरं बरं, घाबरवू नकोस अण्णा.

वहिनी: अण्णाकाका, मी स्पाइक गार्ड घेतलाय. तो चालेल ना? केबिनमध्ये सॉकेट दोन-तीनच असतात म्हणे.

अण्णाकाका: तो तर मुळीच नको. घरी एक तार फेज, एक न्यूट्रल. बऱ्याच जहाजांवर तसं नसतं, दोन्ही तारा जिवंत आणि जहाजाच्या लोखंडापासून वेगळ्या ठेवलेल्या. का, तर एक तार कुठे लोखंडाला टेकली तरी लगेच सगळं बंद पडू नये. आपल्या गार्डचं बटण बंद केलं तर एकच तार तुटते, दुसरी जिवंतच राहते. शिवाय त्यातले सर्ज अडवणारे भाग जादा वीज अर्थिंगकडे सोडायला बसवलेले असतात, आणि तिथे अर्थिंग म्हणजे ते लोखंडच! मुद्दाम वेगळी ठेवलेली लाइन आपण आपल्या हातानं त्याला जोडून देतो. ते भाग तापून पेटू शकतात.

दादा: रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीनं तर 2024 मध्ये साधी एक्स्टेंशन कॉर्डही बंद केली. तीन-चार यूएसबी पोर्टचा चार्जर घे, पुरतो.

आत्या: केटल साड्यांच्या घडीत ठेवली तर?

मी: आत्या, नको! मागच्या ट्रिपला माझी इस्त्री अशीच टॉवेलात गुंडाळलेली होती. बॅगा चढवताना एक्स-रेतून जातात. सगळ्यांच्या बॅगा केबिनबाहेर आल्या, माझीच नाही. प्रवासाच्या चुरगळलेल्या कपड्यांत जेवायला गेले. रात्री सिक्युरिटीत बोलावलं. त्या खोलीत चिठ्ठ्या लावलेल्या केटल आणि इस्त्र्यांची रांग होती, दुकानच जणू. माझी इस्त्री शेवटच्या दिवशी परत मिळाली.

दादा: 😂😂 हे तू कधी सांगितलं नाहीस.

अण्णाकाका: आणि समजा नेलीसच. सॉकेट 110 व्होल्टचं निघालं तर तुझी 230 ची 1500 वॅटची केटल साडेतीनशे वॅटसुद्धा देणार नाही. पाणी उकळेपर्यंत पुढचं बंदर येईल.

वहिनी: बाळाच्या बाटल्यांचं काय पण? स्टरलायझरही तापणाराच.

मी: थंड पाण्यात टाकायच्या निर्जंतुकीकरणाच्या गोळ्या मिळतात, त्या घे. बॉटल वॉर्मरचं कंपनीला मेलवर विचार आणि उत्तर जवळ ठेव. औषधासाठी फ्रिज किंवा झोपेत लावायचं सीपॅप मशीन असेल तर तेही आधी कळवायचं, त्याची सोय करतात.

दादा: आत्या, काही कंपन्या केबिनमध्ये स्वतःच केटल ठेवतात. ब्रिटनच्या पी अँड ओच्या जहाजांवर असते. आपल्या जहाजावर नाहीये, मी पाहिलं. पण बुफेत गरम पाण्याचं मशीन असतं. रात्री झोपताना थर्मास भरून आण. काही जहाजांवर लाँड्रीच्या खोलीत इस्त्रीही असते, आपल्याला तेवढं विचारावं लागेल.

आत्या: साडेचारपर्यंत गरम राहील?

अण्णाकाका: चांगला स्टीलचा असेल तर राहील. आधी उकळत्या पाण्यानं विसळून घे, मग भर.

आत्या: काढली केटल. इस्त्रीपण काढली. सुखी व्हा. आता थर्मास कुणाकडे आहे?

आजी: माझ्याकडे आहे. झाकण तुझ्याकडे आहे, गेल्या वर्षी तूच नेलंस.