साधं घरचं खाऊन वजन खरंच उतरतं का? (९२ किलो, आणि बस स्टॉपवर पोह्याची गाडी)

बुटीबोरी_सव्वासहा:
नमस्कार मंडळी, लय दिवसांपासून नुसता वाचून राहिलो होतो, आज लिहायची पाळी आली. वय ३९, उंची ५ फूट ७ इंच, वजन ९२. बुटीबोरीला नोकरी, सकाळी सव्वासहाला कंपनीची बस, आणि ती थांबते नेमकी पोह्याच्या गाडीसमोर, आता बाकी काय सांगू. वर्षभरात दोनदा डाएट करून झालं. पहिल्यांदा ओट्स, किनोआ, अॅव्होकॅडो आणले, किराण्याचं बिल पाहून बायको गप्प, अन् किनोआचा उपमा पाहून पोरगी म्हणते बाबा हे चिमण्यांचं आहे का. दुसऱ्यांदा नुसतं सूप आणि सलाद, ४ किलो उतरले, दिवाळीत ५ परत आले. आता ठरवलंय की जे करायचं ते आईच्या हातच्या खाण्यातच, म्हणजे भाकर, वरण, भाजी, दही, अंडी, फळं. तर असं साधं खाऊन कोणाचं खरंच उतरलंय का, की हे पण व्हॉट्सअॅपवरचंच ज्ञान? दुसरं म्हणजे आईला तेल कमी टाक म्हटलं की ती म्हणते, मग काय पाण्याची फोडणी देऊ? मला शुगर नाही, तिला आहे, गोळ्या चालू आहेत, आणि ती पण म्हणून राहिली की मी तुझ्यासोबत करते.

महालातला_मी:
पोहे सोडायचे असतील तर आधी नागपूर सोडा जी.

फुटाळा_चक्कर:
उतरतं भाऊ. माझे १३ किलो उतरले पण ११ महिने लागले, मध्ये दोन महिने काटा हललाच नाही, तेव्हा पंधरा दिवसांत चमत्कार पाहिजे असेल तर पुढचं वाचू नका. मी पण आधी भाकरीवरच आलो होतो, ज्वारीची भाकर म्हणजे वजन कमी असं डोक्यात बसलेलं, आणि दाबून चार-चार खात होतो, चून (म्हणजे पिठलं) अन् ठेच्यासोबत. तीन महिने काही झालं नाही. ज्वारीत फायबर चांगलं, पोट भरल्यासारखं राहतं, भूक लवकर लागत नाही, सगळं खरं आहे, पण पिठाच्या कॅलरी गव्हाच्या जवळपास तेवढ्याच असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

खरा घोळ तेलात निघाला. बायकोनं एक दिवस सहज हिशोब केला. आम्ही घरात चार माणसं, महिन्याला सहा लिटर तेल, म्हणजे माणशी दीड लिटर, म्हणजे रोजचं ५० मिली. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, तर रोज ४०० च्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि बाहेर खातो ते यात धरलेलंच नाही. दोन भाकरींचा ऐवज तेलात जात होता अन् मी भाकरी मोजत बसलो होतो! डायटिशियन माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात. आम्ही एकदम नाही उतरलो, आधी पाच, मग चार, आता अडीचवर आहोत. आईंना तेल कमी टाका म्हणू नका, लागते त्यांना. महिन्याचं तेल वेगळ्या डब्यात काढून द्या आणि म्हणा हे एवढ्यात भागवून दाखव. माझी आई तर इरेलाच पेटली होती.

आणि पोहे पूर्ण सोडू नका, राहवणार नाही. मी शनिवारी खातो. तर्री वाटीत वेगळी मागायची अन् दोन मिनिटं तशीच ठेवायची, लाल तेलाचा थर वर येतो, तो चमच्यानं बाजूला सारायचा आणि खालचे चणे घ्यायचे. गाडीवाला पहिल्यांदा माझ्याकडे असा पाहत होता जसं काही मी त्याच्या गाडीवर पत्रावळ घेऊन बसलो.

महालातला_मी:
तर्रीवरचं तेल काढून खाणाऱ्याला आमच्याकडे पोरगी देत नाहीत.

सोलेभात:
महालवाले दादा, तुम्ही जेवून या आधी.

बुटीबोरीवाले भाऊ, सध्या सीझन तुमच्या बाजूनं आहे हे लक्षात घ्या, हिवाळ्यात नागपुरात डाएटसाठी वेगळं काही आणावंच लागत नाही. बाजारात जा, तुरीच्या शेंगा आहेत, सोले काढून वांग्यात टाका, भरीत करा, मेथी पालक, मुळा, गाजर, आवळा सगळं स्वस्त. जाम घ्या (म्हणजे पेरू, पुण्याचे लोक वाचत असतील तर), त्यात संत्र्यापेक्षा किती तरी जास्त व्हिटॅमिन सी असतं आणि एक जाम खाल्ला की चारचा समोसा आठवत नाही. संत्री पण खा पण सोलून, ज्यूस नको. ग्लासभर ज्यूसला तीन-चार संत्री लागतात आणि तो दोन मिनिटांत संपतो, चोथा मशीनमध्येच राहतो, तीच संत्री सोलून खायला बसा, दुसऱ्यालाच पोट म्हणते बस. उन्हाळ्यात चिवळ येते, पावसाच्या सुरुवातीला तरोट्याचा कोवळा पाला येतो, आमच्या सासूबाई सांगतात की पूर्वी ही गरिबाची भाजी होती.

आमच्या घरी आठवड्यातून दोनदा डाळभाजी ठरलेली. लग्नातली नाही हं, तिच्यावर तेल तरंगत असते. पालक भरपूर, तूर अन् चण्याची डाळ, मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), लसूण, अन् चौघांत मिळून दोन चमचे तेल. एका वाटीत डाळही आली भाजीही आली. माझी ताटाची पद्धत अशी की आधी भाजी अन् वरण वाढून घ्यायचं, मग जागा राहील तेवढीच भाकर. उलटं केलं की भाकर वाढतच जाते.

एकच सांगते, जवसाची चटणी आणि फल्लीदाणे पौष्टिक म्हणून वाट्टेल तेवढे खाऊ नका. माझं तेच चालू होतं, टीव्हीसमोर डबा घेऊन. १०० ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, अन् १०० ग्रॅम म्हणजे गप्पा मारता मारता किती, तर दोन मुठी. चटणी एक चमचा, डबा परत वर.

आहार_धरमपेठ:
मी आहारतज्ज्ञ आहे, जाहिरात करत नाहीये, फक्त आईंबद्दल वाचून थांबले. आईंनी तुमच्यासोबत लगेच सुरू करू नये, आधी डॉक्टरांना सांगावं. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात (ग्लिमेपिराइड त्यातलीच) की खाणं एकदम कमी केलं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर घसरते, घाम येतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. डोस कमी करायचा का हे डॉक्टर ठरवतील, मुलानं नाही. बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ पण तपासून घ्या.

तुमच्याबद्दल. ५ फूट ७ इंचाला ९२ म्हणजे बीएमआय ३२ च्या जवळ, आपल्या लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. पण काट्यापेक्षा कंबर मोजा, पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या आत हवी. थायरॉईड तपासलं नसेल तर एकदा तपासा. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर नाचू नका, त्यात बरंचसं पाणी असतं, नंतर आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम चाललंय.

साधं खाऊन उतरतं का, तर अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निकाल २०१९ साली छापून आले होते. २० माणसांना दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे पाकिटातलं, कारखान्यात तयार झालेलं खायला दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. ताटात साखर, फॅट, फायबर दोन्हीकडे सारखं ठेवलं होतं आणि सांगितलं होतं हवं तेवढं खा. पाकिटवाल्या दिवसांत लोकांनी रोज ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि साधारण एक किलो वाढले, साध्यावर तेवढेच उतरले. कोणी त्यांना कमी खा म्हटलंच नव्हतं. प्रोटीनचं मात्र पाहा, नुसत्या वरणाच्या पाण्यावर भागत नाही. घट्ट वरण, दही, दोन अंडी, मटकी, असं दोन्ही जेवणात काहीतरी हवं.

फुटाळा_चक्कर:
ताई, दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित, की थोडं थोडं खात राहा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर?

आहार_धरमपेठ:
हा प्रश्न २०१८ पासून ऐकतेय. दोन वेळा खाऊन जमत असेल तर दोन वेळा, नसेल जमत तर चार वेळा थोडं थोडं. सव्वासहाची बस पकडणाऱ्या माणसानं उपाशी जाऊन अकराला कॅन्टीनमध्ये तीन आलुबोंडे हाणण्यापेक्षा घरून दोन अंडी आणि एक जाम डब्यात न्यावा.

बुटीबोरी_सव्वासहा:
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी परत येऊन राहिलो. ८९.४ झालं. आईला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी एक गोळी अर्धी केली अन् रोज सकाळी घरीच शुगर तपासायला सांगितली. पोहे फक्त शनिवारी, चार दिवस बसची वाट पाहताना पाठ करून उभा राहत होतो, आता सवय झाली. एक शनिवार चुकून मंगळवारी आला, ते सोडा.

तेलाच्या डब्याची आयडिया मात्र भारी निघाली. आईनं डब्यावर स्केच पेननं रेघा मारल्या अन् बाजूला तारखा टाकल्या, १, ८, १५, २२. काल बायकोनं भजी काढतो म्हटलं तर आई डबा उचलून दाखवते, २२ ची रेघ ओलांडली बे, आता एक तारखेला. जी बाई मला पाण्याची फोडणी म्हणत होती ती!

आता अर्जंट प्रश्न. पाहुणे आले आहेत अन् आईनं गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला भात) टाकलाय. वरून गरम तेल घेतल्याशिवाय गोळाभात खायचा नसतो असं तीच म्हणते, अन् डब्यात तर रेघ. माणशी किती चमचे चालतील ते सांगा लवकर, भात होतच आला.

महालातला_मी:
आज रेघ पाहू नका.