नऊ दुकानं, एक बॅकएंड. डेटाबेस पण एकच ठेवावा का?

धागाकर्ता
आम्ही नऊ क्लायंटची ऑनलाइन दुकानं चालवतो, कोल्हापुरी चपला, मसाले, पैठणी, हापूस वगैरे. आधी प्रत्येकाला कोडची वेगळी कॉपी दिली होती आणि दोन वर्षांत त्या कॉप्या इतक्या वेगळ्या होत गेल्या की पेमेंटमधला एक बग नऊ वेळा सुधारायला लागायचा आणि एखाद्या ठिकाणी राहूनच जायचा. आता सगळं एका जँगो (पायथनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) ॲपवर आणलंय, रिक्वेस्ट कुठल्या डोमेनवर आली त्यावरून दुकान ठरतं, प्रत्येक टेबलात दुकान आयडीचा कॉलम, आणि पोस्टग्रेसचा (हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर) डेटाबेस एकच. तिघांच्या टीमला हेच झेपतं असं माझं ठाम मत आहे. नऊ डेटाबेस केले की मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) नऊ वेळा, बॅकअप नऊ, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पटत नसेल तर सांगा.

डेटाबेसवाला
कोड एक ठेवा, शंभर टक्के बरोबर. डेटाबेस एक, अजिबात नाही. आधीच्या नोकरीत एका रिपोर्टच्या क्वेरीत (डेटाबेसकडे केलेल्या मागणीत) दुकान आयडीची अट राहिली आणि एका दुकानदाराला दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर दिसले. रिव्ह्यू दोघांनी केला होता हो, तरी सुटलं. आणि बॅकअपचं काय, उद्या मसालेवाल्याने चुकून सगळ्या किमती बदलल्या आणि त्याला कालचा डेटा हवा असेल तर अख्खा डेटाबेस मागे नेणार का? बाकी आठ जणांच्या आजच्या ऑर्डरी जातील.

धागाकर्ता
अट विसरण्यावर उपाय आहे. पोस्टग्रेस ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून, रो लेव्हल सिक्युरिटी आहे, म्हणजे कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेसच बघतो, त्याची पॉलिसी (नियम) लावली की क्वेरी चुकली तरी दुसऱ्याच्या ओळी येत नाहीत. बॅकअप बाजूला वेगळा उघडून तेवढ्याच ओळी परत आणता येतात, किचकट आहे पण होतं. उलट नऊ डेटाबेस एकाच सर्व्हरवर, प्रत्येकाला १२ कनेक्शन धरली तर १०८ झाली, पोस्टग्रेसची मूळ मर्यादाच १०० आहे.

सर्व्हर_सांभाळणारी
दादा, पॉलिसी लावली म्हणून निर्धास्त राहू नका. टेबलचा मालक असलेल्या यूजरला ती लागूच होत नाही, फोर्स (मालकालाही नियम लावायची सेटिंग) केल्याशिवाय, आणि सुपरयूजरला (सगळे अधिकार असलेल्या यूजरला) तर फोर्स करूनही नाही. जँगोत बहुतेक जण ज्या यूजरने मायग्रेशन चालवतात त्याच यूजरने ॲप चालवतात, म्हणजे मालकच! पॉलिसी आहे असं वाटत राहतं आणि ती काहीच अडवत नसते. पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन अनेक रिक्वेस्टना वाटून देणारं सॉफ्टवेअर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शन (एका गटात होणारी डेटाबेसची कामं) संपलं की कनेक्शन दुसऱ्याला देत असेल, तर दुकान आयडी ठरवायला साधं सेट नको, सेट लोकल (त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच टिकणारं) वापरा, नाहीतर एका दुकानाचा आयडी त्याच कनेक्शनवर पुढच्या दुकानाच्या रिक्वेस्टला चिकटून राहतो. आणि रेडिसच्या (वारंवार लागणारा डेटा पटकन देण्यासाठी मेमरीत साठवणारं, म्हणजे कॅश करणारं सॉफ्टवेअर) की मध्ये, म्हणजे साठवलेल्या गोष्टीच्या नावात, दुकान आयडी घातलाय ना? होमपेजच्या ऑफर एकाच नावाने कॅश केल्या तर पैठणीच्या साइटवर चपलांची ऑफर दिसेल, तिथे डेटाबेसची पॉलिसी काही करू शकत नाही.

हिशोबनीस
मी कोडवाला नाही, बिलं बघतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा आणि १६ अक्षरांच्या आत. सगळ्या दुकानांना एकच ऑटो आयडी (आपोआप वाढत जाणारा नंबर) असेल आणि तोच बिलावर छापत असाल तर मसालेवाल्याची बिलं ५०१, ५०७, ५१२ अशी पडणार, मग मधली कुठे गेली म्हणून त्याला विचारणारच. त्याचा जीएसटी नंबर वेगळा, मालिका पण वेगळीच पाहिजे.

डेटाबेसवाला
बघा, प्रत्येक ठिकाणी आठवणीने वेगळं करायचं, ते वेगळं करायचं. वेगळ्या डेटाबेसमध्ये यातलं बरंचसं आपोआप वेगळं असतं. शिवाय एप्रिलमध्ये हापूसवाल्याची गर्दी झाली की चपलावाल्याचा चेकआउट का रखडावा?

धागाकर्ता
ताई, आत्ता तपासलं. आमचं ॲप टेबलमालक यूजरनेच जोडलेलं आहे, आज वेगळा यूजर करतोय, फोर्स पण लावतो. हिशोबनीस, आपण ऑटो आयडीच छापत होतो, आता दुकान आणि आर्थिक वर्षाप्रमाणे वेगळं काउंटर टेबल करतो, पोस्टग्रेसचा सिक्वेन्स (पुढचा नंबर देणारी तयार सोय) नाही, कारण ट्रान्झॅक्शन फसलं तरी त्यातला नंबर वाया जातोच. डेटाबेस मात्र आठ दुकानांचा एकच राहणार. हापूसचं दुकान सीझनच्या आधी वेगळ्या डेटाबेसवर नेतो, तिथे तुमचं म्हणणं पटलं.