मदत हवी आहे: व्यापारी केळी कापायला येईना, माल दुसऱ्याला देऊ का?

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आमची तीन हजार खोडं केळी आहे. पंधरा दिवसांपूर्वी एका व्यापाऱ्याने क्विंटलला १,४०० रुपये ठरवून २०,००० इसार दिला, साध्या कागदावर सही केली. मग भाव पडले आणि फोन लागेना. लागलाच तर "उद्या गाडी पाठवतो". घड झाडावरच पिवळे पडायला लागलेत, त्यात हे ऊन!

वकिली शिकणारा भाचा म्हणतो, १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ५४ बघा. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला ताब्यातला माल दुसऱ्याला विकता येतो, नाशवंत मालाला आधी नोटीसही लागत नाही, आणि भावातला फरक पहिल्याकडून मागता येतो. तरी मी व्हॉट्सॲपवर दोन दिवसांची मुदत दिली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

माझी अडचण इसाराची. पूर्ण ठेवून घ्यायचा, की फरकात वळता करून उरलेला परत द्यायचा? गावात सगळे म्हणतात "बुडाला त्याचा इसार", पण मला ते पटत नाही. आणि काटापावती, त्या दिवसाचा बाजारभाव याशिवाय काय जपून ठेवू? यावल-चोपड्याकडच्या कोणा भाऊंनी असं केलं असेल तर सांगा. परवा कापणी लावतोय.