मदत हवी आहे: बाबांना झेपेल अशी तळ्याकाठची सपाट वाट (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही सुदामानगरला राहतो. बाबा सत्तरी ओलांडलेले, उजव्या गुडघ्याची बरीच झीज झालीय, काठी लागते. डॉक्टरांनी रोज थोडं चाला म्हणून बजावलंय, पण सपाटीवर. चढ-उतार आणि जिने शक्यतो टाळायचे. कॉलनीतल्या रस्त्यावर जायला ते तयार नाहीत. मागून गाडीचा हॉर्न वाजला की दचकून जागच्या जागी थांबतात. गच्चीवरच्या फेऱ्यांना कंटाळले. जन्मभर पायी हिंडलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसलेला बघवत नाही हो.

पक्ष्यांचं त्यांना भारी वेड. त्यामुळे धार रोडचा सिरपूर तलाव मनात आहे, आम्हाला जवळही पडतो. २०२२ मध्ये तो रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आला तेव्हाचं पेपरातलं कात्रण बाबांनी अजून जपून ठेवलंय. काठी घेऊन तिथे चालता येईल का? कुठल्या महिन्यांत आणि किती वाजता न्यावं? कुणी बिलावली तलाव सुचवतं, कुणी पिपल्यापाल्याचं रीजनल पार्क. ज्यांनी घरच्या वयस्कर माणसांना नेलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
सिरपूरलाच न्या, पण पूर्ण फेरीच्या मागे लागू नका. तळ्याला फेरी मारताना अर्ध्यावर गुडघा दुखायला लागला तर पुढे जा की मागे फिरा, अंतर तेवढंच. मी सासूबाईंना न्यायचे तेव्हा सरळ जाऊन त्याच वाटेने परत यायचो. त्यांना जितकं झेपेल असं वाटायचं त्याच्या निम्म्यावरच वळायचं. बाकांच्या भरवशावर राहू नका, घडीचं स्टूल बरोबर असू द्या.

पक्ष्यांसाठी लांब जायची गरजही नाही. होळकरांच्या काळातला हा बांधलेला तलाव मुळात उथळ, भर पावसाळ्यातही खोली साधारण २ मीटरच. त्यामुळे बरेच पक्षी काठाजवळच चरतात. वारकरी पक्षी, हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी तर नेहमीचीच. पाणवनस्पतींच्या पानांवर कमळपक्षी लांब बोटं पसरून चालतो, तो बाबांना नक्की दाखवा. थंडीत तलवार बदकांसारखे पाहुणे येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. भल्या पहाटे नको, गारठ्याने सांधे आखडतात. ऊन जरा वर आल्यावर निघा, बदकं कुठे पळून जात नाहीत. पावसाळ्यात मात्र मातीची वाट टाळाच, चिखलात काठी सरकते.

प्रतिसाद २
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वाटेआधी काठी बघा. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, आणि उजव्या पायाबरोबर ती पुढे पडायला हवी. बऱ्याच घरांत नेमकं उलट चालतं. बाबांना चपला घालून ताठ उभं करा, हात सैल सोडू द्या. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. खालचं रबर झिजलं असेल तर लगेच बदला. आणि चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तोडून श्वास घ्यावा लागला तर थांबायचं.

प्रतिसाद ३
रीजनल पार्कची वाट पक्की आहे, पावसाळ्यात तेच बरं. फक्त सुट्टीच्या संध्याकाळी नेऊ नका, पोरांची पळापळ असते आणि काठीवाल्या माणसाला धक्का लागायची भीती. बिलावली तुम्हाला खंडवा रोडला, दुसऱ्या दिशेला पडेल. रोजच्यासाठी नको.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार! काठी लगेच पाहिली. रबर एका बाजूने इतकं झिजलंय की आतला धातू फरशीला टेकतोय. आजच नवं आणते. डाव्या हातात काठी धरायला बाबा कुरकुरताहेत, पण दिवाणखान्यात सराव सुरू केलाय. कमळपक्ष्याचं वाचून दाखवलं तर दुर्बीण कुठे ठेवलीस म्हणून मलाच विचारू लागले.

या आठवड्यात मधल्याच एखाद्या दिवशी नेते. आता एकच विचारायचंय. मला रोज सकाळी ऑफिसमुळे जमणार नाही. सुदामानगर, फूटी कोठी भागातलं कुणी ज्येष्ठ सिरपूरला नियमित जातं का? बाबा त्यांच्याबरोबर गेले तर रिक्षाचं आम्ही बघू. सोबत असली तर ते रोज जातील, याची मला खात्री आहे. कृपया कळवा.